वाचकांचे प्रश्न : वेग घेताना गाडी एका बाजूला का ओढली जाते?

प्रश्न : माझी गाडी टर्बो इंजिनाची आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की स्टीअरिंग उजवीकडे ओढले जाते आणि पाय उचलताच गाडी डावीकडे झुकते. एकसारख्या वेगात मात्र ती सरळ धावते. गाडी नवी असताना हा त्रास नव्हता. चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळवणी) करून घेतले, तरी फरक पडला नाही. ‘अशा गाड्यांना हे असतेच,’ असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : ते अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. तुम्ही वर्णन केलेल्या ओढीला टॉर्क स्टीअर म्हणतात. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांना गाडी ओढण्याचे आणि वळवण्याचे अशी दोन्ही कामे करावी लागत असल्यामुळे इंजिनाच्या जोराचा काही अंश स्टीअरिंगपर्यंत पोहोचतो.

आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या एका टोकाला गिअरबॉक्स असतो. त्यामुळे डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच) गाडीच्या बरोबर मध्यावर येत नाही आणि एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, आखूड, तर दुसऱ्या बाजूचा लांब होतो. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देते, पण आखूड शाफ्ट अधिक तिरका राहत असल्यामुळे त्याच्या सीव्ही जॉइंटमध्ये (शाफ्ट तिरका असतानाही चाक फिरवणाऱ्या सांध्यात) चाकाला वळवू पाहणारा जोर जास्त निर्माण होतो. दोन्ही बाजूंचे हे जोर समान असते तर त्यांनी एकमेकांना रद्द केले असते. ते असमान असल्यामुळे उरलेला फरक तुमच्या हाताला जाणवतो. जोरात वेग घेताना गाडीचे नाक वर उचलले जाते, शाफ्टचे कोन बदलतात आणि ओढ आणखी वाढते. म्हणूनच अनेक उत्पादक लांब बाजूला आधाराच्या बेअरिंगसह एक मधला शाफ्ट बसवून दोन्ही बाजूंचे बाहेरचे शाफ्ट सारख्या लांबीचे करतात.

परंतु ही सगळी कारणे गाडीच्या मूळ रचनेतली आहेत, आणि रचना काळानुसार बदलत नाही. नव्या गाडीत नसलेली ओढ आता आली असेल तर काहीतरी झिजले आहे किंवा सैल झाले आहे, असेच मानून चालावे. पाय उचलताच ओढ उलट दिशेला जाते, ही तुम्ही नोंदवलेली खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातले रबर, थकले की ती हमखास दिसते. जोर लागला की ढिला आर्म पुढे सरकतो, जोर संपला की मागे येतो, आणि प्रत्येक वेळी त्या चाकाची दिशा किंचित बदलते. अलाइनमेंट उभ्या गाडीचे मोजतात. त्या वेळी चाकांवर इंजिनाचा जोर नसल्याने बुशमधला ढिलेपणा यंत्रावर उमटत नाही. म्हणून आधी बुश, मग अलाइनमेंट, हाच क्रम योग्य आहे.

तपासणीची सुरुवात मात्र टायरपासून करावी, कारण ते काम सर्वांत सोपे आहे. पुढच्या दोन्ही टायरची हवा, बनावट आणि झीज सारखी असली पाहिजे; दोन्ही टायर आपसात बदलून ओढीची दिशा बदलली, तर दोष टायरचाच आहे. त्यानंतर गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मचे बुश पहारीने हलवून पाहावेत आणि बॉल जॉइंट व टाय रॉड एंड हे चाकाचे आणि स्टीअरिंगचे सांधे तपासावेत. इंजिनाचे माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकते तो रबरी आधार) बहुतेक वेळा नजरेतून सुटते. ते दबून खचले की इंजिन कलते आणि शाफ्टचे कोन बिघडतात. मधला शाफ्ट असल्यास त्याचे बेअरिंग आणि ब्रॅकेटही पाहून घ्यावे.

दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवावेत, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबावा आणि वळण पूर्ण सरळ होण्याआधी पूर्ण जोर लावू नये. ओल्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (चाके घसरू न देणारी यंत्रणा) कधीही बंद करू नये.

प्रश्न : माझ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला रुंद चाके, उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवल्यास टॉर्क स्टीअर कमी होईल का?

उत्तर : वाढण्याची शक्यता अधिक आहे. उंची कमी केली की शाफ्टचे मूळ कोन बदलतात. बाहेर येणाऱ्या रुंद चाकांमुळे स्टीअरिंगच्या अक्षापासून चाकाच्या मध्याचे अंतर वाढते आणि तेवढ्याच ओढीला अधिक तरफ मिळते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमुळे वळणातली पकड सुधारते हे खरे, पण ते पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क पाठवते. दोन चाकांच्या ओढीतला तो फरक थेट स्टीअरिंगवर येतो. 2009 च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये सुमारे 300 अश्वशक्ती पुढच्या चाकांवर देताना असे डिफरन्शियल बसवले गेले, पण त्यासोबत पुढच्या सस्पेन्शनची रचनाच बदलून स्टीअरिंगचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणावा लागला. रेनोच्या मेगान आरएसमध्ये आणि 2017 च्या होंडा सिव्हिक टाइप आरमध्येही याच विचारातून स्टीअरिंगचा अक्ष सस्पेन्शनपासून वेगळा केलेला आहे. असे सस्पेन्शन नसलेल्या गाडीत केवळ डिफरन्शियल बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच खर्च चांगल्या टायरवर आणि नव्या बुशवर केल्यास गाडी अधिक सरळ धावेल.