डेटा कायमचा पुसणाऱ्या टूलचे वर्णन एआय एजंटसाठी कसे लिहावे?

अंतर्गत सेवेतील डेटा पुसणारे कॉल एआय एजंटला (स्वतः टूल निवडून कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामला) टूल म्हणून देताना वर्णनात ‘हे टूल धोकादायक आहे, काळजीपूर्वक वापरा’ एवढे लिहिणे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते वाक्य काढून टाकले तरी फारसे बिघडणार नाही. काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय तपासायचे, कुठे थांबायचे आणि कोणाला विचारायचे, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. असे अर्धवट वर्णन वाचणारा प्रोग्रामर उरलेली माहिती सहकाऱ्याला विचारून, जुना कोड चाळून किंवा टेस्ट सर्व्हरवर करून पाहून मिळवतो. एजंटला मात्र बहुतेक वेळा टूलचे नाव, वर्णन, पॅरामीटरची स्कीमा (कॉलसोबत कोणती माहिती कशा रूपात द्यायची याची रचना) आणि कॉलनंतर येणारा प्रतिसाद एवढ्यावरच भागवावे लागते.

म्हणून कॉल यशस्वी झाल्यावर काय नाहीसे होईल, काय शिल्लक राहील आणि गेलेले परत आणता येईल का, हे वर्णनात सरळ लिहावे. समजा, टूल प्रकल्प पुसण्याचे आहे. ‘प्रकल्प डिलीट करते’ याऐवजी मी असे लिहीन: ‘दिलेल्या आयडीचा प्रकल्प, त्यातील सर्व फायली आणि त्याच्या एपीआय की कायमच्या पुसते. सदस्यांची खाती तशीच राहतात. पुसलेल्या फायली बॅकअपमधूनही मिळत नाहीत. प्रकल्प फक्त यादीतून हटवायचा असल्यास आर्काइव्हचे टूल वापरा. वापरकर्त्याने हाच प्रकल्प पुसण्यास स्पष्ट सांगितले नसेल, तर आधी त्याला विचारा.’ यातील आर्काइव्हचे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. ‘जुने प्रकल्प जरा आवरून ठेव’ अशी मोघम सूचना मिळालेला एजंट थेट पुसण्याचे टूल उचलतो, तेव्हा सौम्य पर्याय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

परत मिळण्याच्या अटी सेवेनुसार, आणि कधी एकाच सेवेत सेटिंगनुसार बदलतात, त्यामुळे त्या गृहीत धरू नयेत. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेत व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणे) चालू असलेल्या बकेटमधील, म्हणजे साठवणीच्या कप्प्यातील, फाइल साध्या डिलीट कॉलने पुसली, तर तिच्यावर केवळ डिलीट मार्कर (पुसल्याची खूण) बसतो आणि जुनी आवृत्ती आत राहते. व्हर्जनिंग कधी चालूच केले नसेल, तर तोच कॉल फाइल कायमची घालवतो. त्याच कंपनीच्या केएमएस या एन्क्रिप्शनच्या की सांभाळणाऱ्या सेवेत की तत्काळ पुसता येत नाही, ७ ते ३० दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्या काळात निर्णय मागे घेता येतो. मात्र मुदत संपली की त्या कीने एन्क्रिप्ट केलेला डेटा जागेवर असूनही वाचता येत नाही. म्हणजे टूल एका ठिकाणी हात लावते आणि नुकसान दुसरीकडे होते. आपल्या डेटाबेसमध्ये ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (एक नोंद पुसली की तिच्याशी जोडलेल्या नोंदीही आपोआप पुसण्याचा नियम) असेल, तर एका नोंदीबरोबर कोणकोणत्या तक्त्यांतील नोंदी जातात, हेही लिहायलाच हवे, कारण ते टूलच्या पॅरामीटर स्कीमात कुठेच दिसत नाही.

पॅरामीटरचा विचार वेगळा करावा लागतो. कोणत्या नोंदी पुसायच्या हे ठरवणारा फिल्टर ऐच्छिक आहे आणि तो न दिल्यास सर्व नोंदी पुसल्या जातात, अशी रचना असेल, तर वर्णन कितीही चांगले लिहिले तरी एक दिवस ते अपुरे पडेल; तेथे फिल्टर अनिवार्य करणे आणि रिकामा आल्यास कॉल नाकारणे हाच उपाय आहे. ‘कन्फर्म’ नावाचे ट्रू-फॉल्स पॅरामीटर ठेवून फारसे साधत नाही, कारण एजंट त्यात स्वतःच ट्रू भरतो. त्यापेक्षा आधी पूर्वावलोकनाचा कॉल करायला लावावा, त्यात पुसल्या जाणाऱ्या नोंदींची संख्या व नावे द्यावीत, आणि त्यातून मिळालेला, थोड्याच वेळात बाद होणारा टोकन (सांकेतिक खूण) पुसण्याच्या कॉलला सक्तीचा करावा.

त्रुटीसंदेश हाही वर्णनाचाच भाग समजावा. पुसण्याचा कॉल सर्व्हरवर पूर्ण झाला, पण उत्तर येण्याआधी टाइमआउट झाला, असे घडते. एजंट पुन्हा तोच कॉल करतो आणि त्याला ४०४ (‘सापडले नाही’ ही त्रुटी) मिळतो. एचटीटीपीच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, डिलीट पुन्हा केल्याने परिणाम बदलत नाही. पण एजंट याचा अर्थ ‘नाव चुकले असावे’ असा लावून मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा प्रकल्प शोधू लागला, तर अनर्थ होईल. ‘या आयडीचा प्रकल्प अस्तित्वात नाही, तो आधीच पुसला गेला असू शकतो. दुसरा प्रकल्प निवडू नका, वापरकर्त्याला कळवा’ असा संदेश ती वाट बंद करतो. टूलने नावाऐवजी आयडीच स्वीकारावा, हेही त्याच कारणासाठी.

आपण मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला टूल जोडून देण्याची प्रमाणित पद्धत) वापरत असाल, तर त्यात मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून ‘रीडओन्लीहिंट’ (टूल फक्त वाचते), ‘डिस्ट्रक्टिव्हहिंट’ (टूल विध्वंसक असू शकते) आणि ‘आयडेम्पोटंटहिंट’ (तोच कॉल पुन्हा केल्याने परिणाम बदलत नाही) अशा खुणा आहेत. त्या जरूर भराव्यात. काहीच न लिहिल्यास टूल विध्वंसक असू शकते असेच धरले जाते, हे त्यातले शहाणपण. तरीही त्या नावाप्रमाणे केवळ सूचना आहेत. एजंटने काहीही वाचले किंवा न वाचले, तरी जे पुसले जाता कामा नये त्याची परवानगी एजंट ज्या प्रवेश-टोकनने सेवा वापरतो त्याला मुळातच देऊ नये.

वर्णन तयार झाले की टेस्ट डेटावर एजंटला मुद्दाम संदिग्ध सूचना देऊन तो कोणते टूल निवडतो ते पाहावे, आणि जेथे तो विचारण्याऐवजी पुसू लागेल तेथील वाक्य बदलून पुन्हा तीच सूचना द्यावी.