टॉन्सिल शरीराचं रक्षण करतात, मग त्यांनाच पू कसा होतो? आणि ताप उतरल्यावर गोळ्या बंद केल्या तर चालतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ८ वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल सुजले, त्यावर पांढरे ठिपके आले, डॉक्टरांनी १० दिवसांचं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) दिलं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू का, असं तुमचं विचारणं आहे. ठेवू नका. दहाही दिवस पूर्ण द्या. मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे आणि हाच प्रश्न ओपीडीत सारखा येतो, म्हणून कारणासकट सांगते.

टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खोल खाचा असतात. खाचांच्या तळाचं अस्तर इतकं विरळ असतं की घशातून जाणारे जंतू तिथे सहज आत ओढले जातात. ही शरीराची चूक नाही, रचनाच तशी आहे. मानेतल्या गाठींना जंतूंची खबर रसवाहिन्यांमधून मिळते, टॉन्सिल मात्र ती थेट घशातूनच घेतात. जंतूंशी रोज इतका जवळचा संबंध ठेवणाऱ्या अवयवाला कधीतरी संसर्ग होणारच. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात टॉन्सिल सर्वात मोठे असतात, कारण शरीराचं जंतू ओळखायला शिकायचं वय तेच.

बॅक्टेरियामुळे घसा धरतो तेव्हा बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. तो आत रुजला की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि काही तासांत पांढऱ्या पेशी रक्तातून तिथे गोळा होतात. त्या जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. तुम्हाला दिसलेले पांढरे ठिपके म्हणजे या मेलेल्या पेशी आणि जंतू. त्याच रसायनांनी मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर सरकतं आणि ताप येतो. परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या, "मॅडम, पोट्टा कालपासून घास गिळून नाही राहिला, एक सुई देऊन द्या." मी टॉर्च लावून घसा पाहिला, मग जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट ठेवलं. आवळ्याएवढी गाठ लागली आणि पोरगं कळवळलं. पायाला जखम झाली की जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, येतं ना, तेच इथे मानेत होतं. टॉन्सिलमधून निघालेल्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन त्या गाठीत पोचलेल्या असतात.

स्ट्रेप्टोकॉकसही कमी नाही. त्याचं वरचं आवरण आपल्याच शरीरात असणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाचं असतं, त्यामुळे तो पटकन परका वाटत नाही. अंगावरचं एम प्रोटीन पांढऱ्या पेशींना त्याला गिळू देत नाही. म्हणून खरी मदार अँटिबॉडीवर, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनांवर असते. टॉन्सिलच्या आत त्या बनवणाऱ्या बी पेशींची दाटी असते. या पेशी भराभर वाढतात, वाढताना थोड्या थोड्या बदलतात आणि ज्यांची अँटिबॉडी जंतूला घट्ट चिकटते त्याच पुढे ठेवल्या जातात. ज्वारीच्या राशीतून भरदार कणसं पुढच्या बियाण्याला वेगळी काढतात तशी ही निवड चालते. तिला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. आणि एम प्रोटीनचे २०० हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली ताकद दुसऱ्यावर फारशी चालत नाही, म्हणून मुलांना हे पुन्हा पुन्हा होतं. बोरं, चिंचा किंवा बर्फगोळ्याला उगाच बोल लागतो.

आता तुमच्या गोळ्यांचं. औषध नाही दिलं तरी स्ट्रेप्टोकॉकसचा ताप बहुधा ३ ते ५ दिवसांत उतरतो, ते काम शरीर स्वतःच करतं. पण टॉन्सिलच्या खाचांत जंतू शिल्लक राहतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध झुंजत राहतं. एम प्रोटीनचे काही भाग हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसतात. थोड्या मुलांमध्ये जंतूसाठी तयार झालेली ही प्रतिकारशक्ती २-३ आठवड्यांनी सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. हा संधिवाताचा ताप, डॉक्टर रुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. आमच्याकडे हा ताप होऊन गेलेली एक मुलगी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येते. आई कापूस वेचणीची मजुरी बुडवून तिला आणते. त्या दोघींना दारात पाहिलं की अर्धवट सोडलेल्या प्रत्येक कोर्सचा मला राग येतो. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सुरू झालं आणि पूर्ण घेतलं, तर हा धोका जवळजवळ टळतो. हा जंतू आजही पेनिसिलिनने मरतो, हे आपलं मोठं नशीब.

पण प्रत्येक घसादुखीला हे औषध लागत नाही, म्हणूनही गोळ्या साठवू नका. मुलांची बहुतेक घसादुखी विषाणूंची असते. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर विषाणूच असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर अमॉक्सिसिलिनचा काही उपयोग नाही. पांढरे ठिपके विषाणूनेही येतात, तेव्हा ठरवायचं काम तपासणाऱ्यावर सोडा. सध्या मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, फिक्कं वरण-भात आणि भरपूर पाणी द्या.

टॉन्सिल काढण्याचं तुमच्या दिरांनी सुचवलं आहे, त्याची एवढ्यात गरज नाही. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं ५-५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं ३-३ वेळा असा जोरदार त्रास झाला तर डॉक्टर त्याचा विचार करतात. प्रत्येक वेळची तारीख वहीत लिहून ठेवा.

तोंड उघडता येत नसेल, लाळ गळत असेल, एकाच बाजूला फुगलं असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसला तर रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा. पापुद्रा घटसर्पाचाही असू शकतो, म्हणून लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.