वाढदिवस छोट्यांचा, धावपळ मोठ्यांची: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलगी पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. हॉल संध्याकाळी सात ते दहा मिळतोय, पाहुणे चाळीसेक आहेत. तीन तास कार्यक्रम कसा भरायचा?

तीन तास भरायचे कसे, यापेक्षा दीड तासात उरकायचं कसं, ते बघू. दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते आणि संध्याकाळी सातनंतर बहुतेक मुलं पेंगुळलेली असतात. पेंगुळलेलं मूल शांत बसत नाही, ते उलट जास्त धावतं, मग कशावरून तरी आडवं पडून रडतं. केकच्या वेळी होणारी रडारड बहुतेकदा या झोपेचीच असते.

म्हणून हॉलची वेळ बाजूला ठेवा आणि मुलीची पाहा. आठवडाभर तिची दुपारची झोप कागदावर टिपा: कधी लागली, कधी मोडली. ती तीनला उठत असेल तर चारला सुरुवात, साडेपाचला शेवट. दुपारी लवकर झोपणाऱ्या मुलांसाठी सकाळी दहा ते साडेअकरा उत्तम. वर्षाच्या मुलांच्या अजून दिवसात दोन झोपा असतात, तिथे दोन झोपांच्या मधला वेळ धरायचा.

दीड तासाची आखणी साधारण अशी: पहिली वीस-पंचवीस मिनिटं येणं आणि मोकळं खेळणं, पुढची वीस मिनिटं एखादा खेळ, पंचेचाळिसाव्या मिनिटाला केक, मग खाणं, शेवटची पंधरा मिनिटं निरोप. केक शेवटी ठेवू नका. ‘अमुक यायचेत, थांबू या’ म्हणत केक तासभर पुढे जातो आणि तोवर मुलीचा उत्साह संपलेला असतो. उशिरा येणाऱ्यांना कापलेला केकही गोडच लागतो. निमंत्रणात संपण्याची वेळ लिहायला संकोचू नका, लहान मुलांचे आईवडील त्यासाठी मनातून आभारच मानतात.

चाळीस माणसं टाळता येत नसतील तर कार्यक्रमाचे दोन तुकडे करा. दुपारी पाच-सहा मुलं आणि त्यांचे पालक, रात्री मोठ्यांचं जेवण. रात्रीच्या जेवणात उत्सवमूर्ती घरी झोपलेली असली तरी काही बिघडत नाही.

फुग्यांची मोठी कमान करायची आहे. हेलियमचे फुगे लहान मुलांसाठी सुरक्षित असतात ना?

धोका हेलियमपेक्षा फुग्याच्या रबराचा आहे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा मुलाच्या घशात गेला, तर तो पातळ पडदा घशाच्या आकारात घट्ट बसतो आणि हवा जायला फट राहत नाही. पाठीवर थापटून तो सहज सुटतही नाही. अमेरिकेत रबरी फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी धोक्याची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमची पाहुणेमंडळी तर दोन-अडीच वर्षांची.

कमान हवीच असेल तर ती मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच भिंतीला लावा, जमिनीला टेकवू नका. किती फुगे लावले ते मोजून लिहा. एखादा फुटला की एका ठरलेल्या माणसाने लगेच सगळे तुकडे उचलायचे. समारंभ संपल्यावर उरलेले मोजून पुन्हा हिशेब जुळवायचा. फुगवायचे राहिलेले फुगे पाकिटासह घराबाहेर काढा. सोफ्याखाली राहिलेला एक फुगा दुसऱ्या दिवशी रांगत्या बाळाच्या हाती लागतो.

आमची पसंती फॉइलच्या फुग्यांना किंवा कागदी-कापडी पताकांना. फॉइलचे फुगे असे तुकड्यांत फुटत नाहीत आणि कित्येक दिवस टिकतात. अकरा इंची रबरी हेलियम फुगा साधारण 12 ते 20 तासच तरंगतो, त्यामुळे आदल्या दुपारी भरून आणलेले फुगे ऐन वेळी जमिनीवर असतात. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, गॅस प्रसरण पावून वाटेतच फुटतात. फॉइलच्या फुग्याची फीत मुलाच्या मानेभोवती गुंडाळली जाईल इतकी लांब नको आणि तिच्या टोकाला बांधलेलं वजन गिळता येण्याजोगं नको.

आणखी दोन गोष्टी. हेलियमऐवजी स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजन भरणारे असतात. तो मेणबत्तीजवळ भडकतो, त्यामुळे फुगेवाल्याला गॅस कोणता ते स्पष्ट विचारा आणि सिलिंडरवरचं नाव स्वतः वाचा. दुसरं म्हणजे आतून चमकणारे फुगे आणि गाणं म्हणणाऱ्या मेणबत्त्या. दोन्हींत बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट इस्पितळ गाठा.

पहिला वाढदिवस, पंचवीस पाहुणे. केक किती किलोचा? आणि बाळाला त्यातला द्यावा का?

बाकी खाणं असेल तर माणशी 60 ग्रॅम पुरतं, म्हणजे दीड किलो. नुसता केकच असेल तर 80 ते 100 ग्रॅम धरा, तो दोन ते अडीच किलोवर जातो. लहान मुलं 30 ग्रॅमही संपवत नाहीत. मजल्यांचा केक मागवला तर आत आधाराच्या किती काड्या आहेत ते विचारून घ्या आणि कापताना तितक्या मोजून बाहेर काढा. सजावटीतले टूथपिक, तारा आणि चांदीसारखे चमकणारे कडक मणी लहानांच्या तुकड्यावर अजिबात नकोत.

बाळासाठी वेगळा लहान केक बरा, पिकलेल्या केळ्याच्या गोडीचा, वरून साखरेचा थर नसलेला. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये, असा सल्ला तज्ज्ञ देतात. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. केक भाजताना ते मरतात असं समजू नका, भट्टीची उष्णता त्यांना पुरत नाही. तुमचं बाळ वर्षाचं झालं असलं तरी पाहुण्यांतलं नऊ महिन्यांचं बाळही तोच केक चाटणार आहे.

अंडं, दूध, शेंगदाणा यांतलं काही बाळाने आधी खाल्लं नसेल, तर त्याची ओळख वाढदिवसाला करून देऊ नका. अंगावर पुरळ आलं तर ते नक्की कशामुळे, हे त्या गर्दीत कळत नाही. पाहुण्या मुलांच्या ॲलर्जी निमंत्रणाच्या फोनवरच विचारून ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट: गडद लाल रंगाचा केक टाळा. दुसऱ्या दिवशी लंगोट पाहून पालक हबकतात.

ताज्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांहून जास्त नको, उष्मा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास.

मेणबत्ती बाळाच्या हातापासून दीड फूट तरी दूर ठेवा. या वयाचं मूल ज्योतीला फुंकत नाही, पकडायला जातं. कॅमेरा तयार झाल्यावरच ती पेटवा आणि आईबाबांनी फुंकून टाका. कारंज्यासारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या नकोत. बनावट बर्फाचा फवाराही जवळ नको, अनेक डब्यांत त्याला ढकलणारा गॅस ज्वलनशील असतो. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

गोड खाऊन मुलं पिसाळतात म्हणतात. खरं का?

नाही. 1995 मध्ये याविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखरेने मुलांचं वागणं बदलतं असं त्यात दिसलं नाही. गर्दी, आवाज आणि मोडलेली झोप, या तिघांकडे आधी बोट दाखवा. साखर कमी ठेवायची ती दातांसाठी आणि जिभेच्या सवयीसाठी.

मी मावशी आहे, खाण्याचं माझ्याकडे आहे. दीड ते तीन वर्षांची सात मुलं. काय काळजी घेऊ?

मुख्य काळजी कापण्याची. द्राक्ष किंवा छोटा टोमॅटो आडवा कापला तर चकती गोलच राहते आणि घसा तशीच बंद करते, म्हणून उभे चार तुकडे. कच्चं गाजर किसा किंवा मऊ उकडा. पॉपकॉर्न, अख्खे दाणे आणि सुकामेवा, कडक गोळ्या, जेलीचे घट्ट कप मुलांच्या टेबलावरून बादच. मोठ्यांच्या टेबलावरही ते मुलांच्या हाताच्या उंचीला नकोत. मुलं बसून खातील, खेळत किंवा पळत नाही, हा नियम पालकांना सुरुवातीलाच सांगा.

मोठ्यांचा गरम चहा-कॉफी मुलांच्या खोलीत आणूच नका. टेबलक्लॉथ लोंबता ठेवला तर दीड वर्षाचं मूल तो ओढतं आणि वरचं सगळं त्याच्या अंगावर येतं. कापड काढून टाका, टेबल उघडंच चांगलं.

दोन वर्षांच्या मुलांसाठी खेळ सुचवा. संगीतखुर्ची जमेल?

नाही जमणार. खुर्ची काढून घेतली की का काढली ते या वयात कळत नाही, फक्त रडू येतं. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यातला ‘समांतर खेळ’ या वयाला चपखल बसतो: मुलं शेजारी-शेजारी तेच करतात, पण एकत्र नाही. त्यामुळे प्रत्येकाला सारखी वस्तू मिळेल असा खेळ निवडा. सात मुलं, सात बादल्या, सगळ्या एकाच रंगाच्या. सहा निळ्या आणि एक लाल आणलीत तर लालसाठी महायुद्ध होईल.

साबणाचे बुडबुडे कधी फसत नाहीत. सहा वाट्या पाणी, एक वाटी भांड्यांचा द्रव साबण, पाव वाटी ग्लिसरीन. हळूच ढवळा, फेस येऊ देऊ नका आणि रात्रभर ठेवा, बुडबुडे जास्त टिकतात. फुंकायचं काम मोठ्यांचं, मुलांनी फक्त पकडायचे. गुळगुळीत फरशीवर मात्र पाच मिनिटांत निसरडं होतं, म्हणून गवतावर किंवा सतरंजीवर.

बोटांनी रंगवायला अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर दोन वाट्या गार पाण्यात आधी कालवा, मग मंद आचेवर ढवळत दाट करा, पूर्ण गार झाल्यावर खाण्याचे रंग मिसळा. थेट गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या होतात. मळलेल्या गोळ्याने खेळायचं असेल तर भरपूर मीठ घालून टिकाऊ केलेला गोळा नको. मुलं तो खातात आणि इतकं मीठ त्यांच्या शरीराला घातक ठरतं. त्याच दिवशी साधी कणीक मळा आणि संध्याकाळी टाकून द्या. पाण्यात फुगणारे रंगीत जेलमणी घरातच आणू नका, ते पोटात गेल्यावरही फुगतात.

जादूगार किंवा कार्टूनचा मुखवटा घातलेला माणूस बोलवावा का?

पाच वर्षांनंतर जरूर. आत्ता न हलणाऱ्या चेहऱ्याचा सहा फुटी प्राणी पाहून निम्मी मुलं आईच्या कुशीत तोंड लपवतील.

अंगणात हवेने फुगवलेला उड्या मारायचा किल्ला भाड्याने आणतोय. मोठी भावंडंही येणार आहेत.

मोठी आणि छोटी एकाच वेळी आत सोडू नका. यात होणाऱ्या दुखापती बऱ्याचदा पडण्याने किंवा एकमेकांवर आदळण्याने होतात. आठ वर्षांच्या मुलाने उडी मारली की शेजारचं दोन वर्षांचं मूल हवेत उडतं. सलग दहा मिनिटं फक्त छोट्यांची ठेवा, तीही दोन-तीनच मुलं, शेजारी एक मोठा माणूस. दोन वर्षांखालच्यांना आत नकोच. किल्ल्याच्या सगळ्या कड्या जमिनीत खुंट्यांनी ठोकलेल्या आहेत का ते स्वतः फिरून बघा. वारा ताशी 38 किलोमीटरच्या वर गेला तर हवा काढून टाका. झाडाच्या मध्यम फांद्या हलायला लागल्या की हा वेग जवळ आला असं समजा.

रिटर्न गिफ्ट काय द्यावं?

एकच वस्तू, सगळ्यांना तीच. जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक किंवा जाड खडू. छोट्या वस्तूंची भरलेली पिशवी नको, तिच्यातली निम्मी तोंडात जाते. तीन वर्षांखालच्या खेळण्यांसाठी सुट्या भागाची चाचणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीत करतात, तिच्यात पूर्ण मावला की तो भाग बाद. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा, ती थोडी रुंद आहे, म्हणजे चाचणी अधिकच कडक होते.

केक कापताना माझा मुलगा हमखास रडतो. मागच्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत तसाच आहे. यंदा तीन वर्षांचा होईल.

तीस माणसं अचानक त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने गातात, टाळ्या वाजवतात, वर दिवे विझवतात. घाबरायला एवढं पुरे आहे. आठवडाभर आधीपासून घरी खोटा केक मांडून हळू आवाजात गाणं म्हणा, मेणबत्तीऐवजी बोट धरून फुंकायला शिकवा. त्या दिवशी दिवे चालू ठेवा, गाणं हळू, टाळ्या नाहीत. तो आईच्या कडेवरच राहू दे, खुर्चीवर उभं करण्याचा आग्रह नको. चांगले फोटो पाहुणे येण्याआधी अर्धा तास, खिडकीच्या उजेडात काढून घ्या. तरीही रडलाच तर त्याला आतल्या खोलीत न्या, पाणी पाजा आणि केक बाहेर कोणी मोठ्या माणसाने कापून टाकू द्या. दहा मिनिटांनी तो स्वतःच ताटली घेऊन येतो.