परसदारी : पपई खाल्ली कोणी?

या महिन्यात जनावरांची अकरा पत्रं आली, त्यांतली सात पपईचीच. म्हणून आधी पपई.

प्रश्न : ताई, आमच्या परसात पपईची तीन झाडं आहेत. फळ पिवळं पडायला लागलं की रात्रीतून कोणीतरी एका बाजूनं पोखरून खातं, साल तशीच लटकलेली राहते. अकरा-बाराच्या सुमारास पत्र्यावर धावल्याचा आवाज येतो. सासूबाई म्हणतात मसण्याऊद आहे, घराला चांगलं नाही. आमचे हे म्हणतात घूस. जाळी टाकू की पिंजरा लावू? (एक भगिनी, सावदा)

उत्तर : सासूबाईंनी जनावर बरोबर ओळखलं, फक्त त्याला घाबरायचं कारण नाही. ते उदमांजर. घूस कशाला पत्र्यावर नाचेल? ती भिंतीच्या पायाशी बीळ करते आणि तोंडाशी मातीचा ढीग लावून ठेवते. खार येते ती दिवसाढवळ्या. वटवाघळं रस चोखून चोथा थुंकतात, त्याच्या गोळ्या झाडाखाली सापडतात.

खात्री करायची असेल तर सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून नजर फिरवा. उदमांजर बहुतेक ठरल्या जागीच घाण करतं, आणि त्या घाणीत बियाच बिया असतात. माझ्या चोपड्याच्या घरी ती जागा म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारचा भिंतीचा कोपरा. जानेवारीत तिथे बोराच्या आठळ्या, जूनमध्ये जांभळाच्या. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे काडीनं उकरून बघायची लाज वाटत नाही. याच जनावराच्या विष्ठेतून निघालेल्या कॉफीच्या बिया इंडोनेशियात धुऊन, भाजून सोन्याच्या भावानं विकतात. आमच्या कोपऱ्याला अजून गिऱ्हाईक आलेलं नाही.

त्याची आणखी एक खूण म्हणजे वास. शेपटीखालच्या ग्रंथींतून ते जो वास सोडतं तो थेट शिजत्या भाताचा. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, शेजारी कोणी आंबेमोहर टाकलाय. मग डोक्यात आलं की रात्री साडेअकराला भात टाकणारं एकही घर आमच्या गल्लीत नाही. बॅटरी मारली तर पपईच्या शेंड्यात दोन डोळे चमकले. राखाडी अंग, पाठीवर काळ्या तुटक रेघा, तोंडावर चोरानं बांधावा तसा काळा पट्टा, आणि शेपूट जवळपास अंगाएवढं. माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं.

मसणातली मढी उकरतं म्हणून मसण्याऊद, अशी आपल्याकडे समजूत. पण त्याचा खरा ओढा फळांकडे. जोडीला उंदीर, किडे, गोगलगाई. तुमच्या पत्र्यावर ते आहे तोवर उंदरांवरही थोडा वचक राहील, हे सासूबाईंना सांगून बघा.

आता जाळी. नका टाकू. चार वर्षांपूर्वी मी बाजारातून नायलॉनची बारीक जाळी आणली आणि पपईच्या बुंध्यापासून कारल्याच्या मांडवापर्यंत ताणली. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडवाखाली दोरखंडासारखं काहीतरी लोंबत होतं. हलेना, म्हणून जवळ गेले तर धामण, माझ्या उंचीपेक्षा लांब. डोकं आणि पुढचं हातभर अंग पार गेलेलं, जाड भाग अडकलेला. पुढे जायला बघेल तशी जाळी रुतत गेलेली. गल्लीतला एक सर्पमित्र मुलगा आला. त्यानं डोक्यावर ओलं फडकं टाकलं, ते मला धरायला सांगितलं आणि नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापायला बसला. धागा तुटला की खवल्यांवर पांढरी रेघ उरायची. पाऊण तास लागला. सुटल्यावर धामण लगेच पळाली नाही. थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग हळूहळू शेणखताच्या ढिगाकडे गेली. जाळी मी त्याच दिवशी चुलीत घातली, आणि प्लास्टिक जाळलं म्हणून सुनेची बोलणी खाल्ली. तीही बरोबरच होती.

पिंजराही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उदमांजराला संरक्षण आहे, ते धरून सातपुड्यात सोडून येणं आपलं काम नाही. त्यातून ती मादी असली आणि तिची पिल्लं तुमच्याच माळ्यावर असली, तर ती तिथे उपाशी मरतील आणि पुढचे आठ दिवस तुम्ही वास शोधत फिराल. पिल्लांचा आवाज आलाच तर थोडे आठवडे कळ काढा. ती हिंडू-फिरू लागली की आई घेऊन जाते. माळा रिकामा झाल्याची नीट खात्री करून मगच भोक बुजवा. अडचण वाटली तर वनविभागाचा 1926 हा नंबर लावा.

पपईचं म्हणाल तर फळावर पहिली पिवळी रेघ दिसली की उतरवा आणि कागदात गुंडाळून घरात पिकवा. बुंध्याला जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं धरत नाहीत. पण घराच्या पत्र्यावर एखादी फांदी टेकलेली असेल तर ती आधी तोडा, नाहीतर ते वरून उतरेल. आणि एखादं फळ जाऊ द्या हो. केळीच्या गावात राहतो आपण, एका पपईसाठी किती जीव टाकायचा?

प्रश्न : मी सध्या टेक्सासात मुलाकडे आहे. परवा रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी मांजराएवढा, पांढऱ्या तोंडाचा, बोडक्या शेपटीचा प्राणी दिसला. आमचा कुत्रा भुंकला तसा तो आडवाच झाला. तोंड उघडं, जीभ बाहेर, घाण वास. नातू रडायला लागला. मी फावडं आणून पुरायला निघालो, तर जागेवर कोणी नाही! मुलगा म्हणतो ओपॉसम. हे आपलं उदमांजरच का? (एक वाचक, मूळ गाव पाचोरा)

उत्तर : भाऊ, फावडं आणायला उशीर झाला ते बरंच. नाही, हे उदमांजर नव्हे, त्याचा लांबचासुद्धा नातेवाईक नाही. रात्री हिंडणं, हाती लागेल ते खाणं आणि माणसाच्या घराशी सलगी करणं, एवढंच दोघांचं जमतं. ओपॉसम कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. आपल्या देशात आज असा एकही रानटी प्राणी नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. गर्भ जेमतेम बारा-तेरा दिवसांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा मधमाशीएवढं असतं, सरपटत आईच्या पिशवीत शिरतं आणि स्तनाला चिकटून तिथेच वाढतं. तोंडात दात पन्नास.

मेल्याचं ते सोंग नव्हे. फार घाबरला की त्याचं शरीरच तसं पडतं, आपल्याला चक्कर येते तसं. वास सुटतो तोही मागून झिरपणाऱ्या द्रवाचा. काही मिनिटांत उठेल, नाहीतर काही तासांनी. तोवर कुत्र्याला आत घ्या आणि लांब राहा. नातवाला सांगा, तो बरा आहे आणि घरी गेलाय. पिसाळण्याचा रोग त्याच्यात फार क्वचित आढळतो, तरी हात लावू नये, पन्नास दात आहेत. तिकडे रस्त्यावर गाडीखाली आलेली मादी दिसली तर पोटच्या पिशवीत पिल्लं जिवंत असू शकतात, अशा वेळी तिथल्या वन्यप्राणी सांभाळणाऱ्यांना फोन करायला मुलाला सांगा. आणि तो हजारो गोचिड्या खाऊन फस्त करतो, असा मेसेज तुम्हालाही येईल. पुढे पाठवू नका. संशोधकांनी ओपॉसमची पोटं तपासून पाहिली, त्यांत गोचिडी सापडली नाही.

प्रश्न : कूलरखाली दोनदा साप निघाला. काय करावं? (धुळे)

उत्तर : मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात तुमच्या कूलरखालीच तेवढी ओल आहे. तिथे बेडूक येतात, बेडकांमागे साप. कूलर विटांवर नव्हे, उंच लोखंडी स्टँडवर ठेवा, गळती बंद करा, मागची जळाऊ लाकडं हलवा. अंगणात किंवा गच्चीवर जमिनीला अंथरूण टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा चावा पुष्कळदा कळतही नाही. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं पुष्कळ काम होतं. चावलाच तर चिरा नको, आवळून बांधणं नको, मांत्रिक नको. 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

प्रश्न : सकाळी दारावरून मुंगूस जातं. शकुन चांगला म्हणतात. रोज एक अंडं ठेवू का? (अमळनेर)

उत्तर : नका ठेवू. चटक लागली की ते शेजाऱ्यांच्या खुराड्यात शिरेल आणि भांडण तुमच्या दारात येईल. शकुनाचं मला विचारू नका. मुंगूस दिसलं की चपला घालता घालता मीही थांबते.