अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रा निवडताना नेमकं काय तपासतात? हुशार कुत्रा असला की पुरे का?

नुसती हुशारी पुरत नाही, कधीकधी ती नडते. अतिचलाख कुत्रा कंटाळला की स्वतःचे उद्योग शोधतो!

मुख्य कस लागतो तो स्वभावाचा. अचानक भांडं आदळलं, छत्री फटकन उघडली, तर कुत्रा दचकणारच. त्यात गैर काही नाही. पाहायचं असतं ते हे की तो किती लवकर सावरतो आणि त्या वस्तूजवळ पुन्हा जातो का. मांजर, खारी, जमिनीवर पडलेलं खाणं यांच्यामागे वेडा होणारा बाद. चावरा तर सरळच बाद.

पिल्लू साधारण ८ आठवड्यांचं झालं की ते सांभाळणाऱ्या कुटुंबात जातं आणि वर्ष-सव्वा वर्षाने प्रशिक्षणाला परततं. तेव्हा खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढतात, डोळे तपासतात. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असतो, त्यामुळे गुणी कुत्राही इथे अडकतो.

पुढची परीक्षा अवघड: मालक ‘चल’ म्हणाला, पण समोरून गाडी येतेय, तर कुत्र्याने हुकूम मोडायला हवा. नापास झालेले बरेचसे घरात पाळायला किंवा दुसऱ्या कामाला जातात.