ग्रॅनाइटचा डोंगर: लाव्हारस की शिलारस?

प्रश्न असा आहे: बोर्निओ बेटावरच्या किनाबालू पर्वताबद्दल ‘लाव्हारस थिजून हा ग्रॅनाइटचा डोंगर झाला’ असं लिहिलेलं चालेल का? लाव्हारस आणि शिलारस एकच ना?

नाही, एकच नाहीत. वितळलेला खडक जमिनीच्या पोटात असतो तोवर तो शिलारस, भूपृष्ठावर आला की लाव्हारस. आणि ग्रॅनाइट लाव्हारसापासून होतच नाही. त्याच घटकांचा रस बाहेर येऊन निवला, तर रायोलाइट नावाचा वेगळा खडक तयार होतो. म्हणजे ‘लाव्हारस’ लिहिल्यानं डोंगराचा जन्मच चुकीचा सांगितला जातो.

याचा पुरावा दगडातच असतो. ग्रॅनाइटचा ताजा फुटलेला तुकडा उजेडात धरून पाहा: काचेसारखं राखाडी क्वार्ट्झ, पांढरट किंवा गुलाबी फेल्डस्पार, चकाकणारा काळा अभ्रक, सगळे दाणे नुसत्या डोळ्यांना सुटे सुटे दिसतात. स्फटिक एवढे वाढायचे तर रस अतिशय सावकाश निवावा लागतो, आणि डोक्यावर काही किलोमीटर जाडीचे खडक असल्याशिवाय ते होत नाही. उघड्यावरचा लाव्हारस झपाट्यानं निवतो, त्याचे दाणे बारीकच राहतात. म्हणून मी ‘थिजून’ऐवजी ‘निवून’ लिहीन. थिजण्यात तो संथपणा येत नाही.

‘डोंगर झाला’ हेही घाईचं आहे. किनाबालूचा शिलारस सुमारे 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी घुसला तो वालुकाश्म आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) यांसारख्या जुन्या खडकांत. भूशास्त्राच्या हिशेबात हे अगदी अलीकडचं! पुढे जमीन उचलली गेली, वरचे खडक झिजून वाहून गेले, तेव्हा कुठे ग्रॅनाइट उघडा पडला. आज शिखर 4,095 मीटरवर आहे. हिमयुगात माथ्यावर बर्फ साचला, हिमनद्यांनी माथा घासून काढला. तिथल्या उघड्या, उतरत्या खडकाला ‘कातळ’ हा शब्द चपखल बसतो आणि कडेच्या टोकदार शिखरांना ‘सुळके’.

तेव्हा वाक्य असं करा: ‘शिलारस जमिनीत खोलवर सावकाश निवून ग्रॅनाइट तयार झाला आणि वरचे खडक झिजल्यावर तो डोंगराच्या रूपानं उघडा पडला.’ खडकाला ‘अग्निजन्य’ जरूर म्हणा, तो शब्द ग्रॅनाइट आणि रायोलाइट दोघांनाही लागू आहे. किनाबालूला ‘ज्वालामुखी’ मात्र म्हणू नका.