मॅकग्रा का स्टेन? आधी हे पाय भाऊ
भाऊ, तू म्हणतो फास्ट बॉलर म्हणून ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकग्रा दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनपेक्षा मोठा, पण नुसते विकेटचे आकडे पाहून तुलना करून राह्यला, तिथंच गडबड आहे. मॅकग्राच्या 124 टेस्टमध्ये 563 विकेट अन स्टेनच्या 93 मध्ये 439, म्हणजे मॅकग्रा मोठा असं होत नाही ना बे. ॲव्हरेज (एका विकेटमागं दिलेले रन) पाय, मॅकग्राचा 21.64 अन स्टेनचा 22.95, थोडाच फरक. पण स्ट्राईक रेट? स्टेन साधारण 42 बॉलला एक घ्यायचा, मॅकग्राला 52 लागायचे. रन मात्र मॅकग्रा देतच नव्हता, तासभर त्याच एका टप्प्यावर, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, बॅट्समन कंटाळून बॅट घालायचा.

आपल्या नागपूरचंच घे. मॅकग्राची शंभरावी टेस्ट 2004 ला इथंच, सिव्हिल लाईन्सच्या जुन्या ग्राउंडवर झाली, पिचवर फास्ट बॉलरला मदत करणारं हिरवं गवत, तरी जास्त विकेट त्याच्याच टीमच्या गिलेस्पीच्या. स्टेन 2010 ला भारताविरुद्ध नागपूरच्याच जामठ्याच्या नव्या ग्राउंडवर आला, पिच सपाट, बॅट्समनच्या सोयीचं (त्याच्याच टीमच्या आमलाचे 253 नाबाद त्याच पिचवर) अन तरी 51 रनमध्ये 7 विकेट! मुरली विजयनं बॅट वर उचलून बॉल सोडला अन तो आत वळून स्टंपवर. चहानंतर जुना बॉल असा रिव्हर्स (नव्या बॉलच्या उलट्या बाजूला स्विंग) केला की नुसते 3 रन देऊन स्टेननं 5 घेतले.

माझं मत विचारशील तर स्टेन, पण पोराला बॉलिंग शिकवायची असंल तर मॅकग्राचे व्हिडिओ दाखवीन, स्टेनसारखं मनगट काही सगळ्यांजवळ नसते. तू आधी दोघांचा एकेक पूरा स्पेल (सलग टाकलेल्या ओव्हर) बसून पाय, हायलाइट्स नको.